पहिली स्पर्धा, पहिला डाव आणि इटालियन ओपनिंग: नाशिकच्या नवख्या खेळाडूंसाठी

घरी, सोसायटीच्या ओट्यावर किंवा मोबाइलवर बुद्धिबळ खेळणे आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये घड्याळासमोर, कागदावर खेळी लिहीत खेळणे यांत बराच फरक आहे. सगळ्या मोहऱ्यांच्या चाली येतात, शह आणि मात कळते, ओळखीच्या दोन-चार जणांना हरवलेही आहे, आणि आता नाशिकमध्ये एखाद्या रविवारी होणाऱ्या स्पर्धेत नाव द्यावे असे मनात आहे, अशा मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी हा लेख आहे. मी स्वतः तिशी उलटल्यावर पहिली स्पर्धा खेळलो. त्या दिवशी काय माहीत असायला हवे होते तेच येथे क्रमाने मांडले आहे, आणि मध्यभागी एक ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचा ठरलेला क्रम, घेतले आहे, कारण पहिल्या स्पर्धेत डाव हातून जातो तो बहुतेक वेळा पहिल्या दहा-बारा खेळ्यांत जातो.

नाव देण्यापूर्वी

पहिल्यांदा एका दिवसात संपणारी जलद स्पर्धा निवडावी. तिच्यात प्रत्येकाला साधारण दहा ते पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे काही सेकंद वाढीव मिळतात, आणि सहा ते आठ फेऱ्या होतात. म्हणजे एका रविवारी सहा-सात वेगवेगळ्या माणसांशी खेळण्याचा अनुभव पदरात पडतो. दीर्घ वेळेच्या स्पर्धेत एकेक डाव चार-चार तास चालू शकतो. ती दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावी. वयोगटाच्या स्पर्धेत वय त्या वर्षाच्या १ जानेवारीला किती होते यावरून गट ठरतो, तेव्हा जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवावी.

स्पर्धा मानांकनाची, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा अधिकृत आकडा ठरवणारी आहे की साधी, हे परिपत्रकात पाहावे. मानांकनाच्या स्पर्धेसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे खेळाडूची नोंदणी असावी लागते. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, यादीत येण्यासाठी मानांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि मार्च २०२४ पासून या यादीची खालची मर्यादा १४०० आहे. नवख्याने या आकड्याच्या मागे लगेच लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दोन-तीन स्पर्धा मानांकनाशिवायच्या खेळल्या, तर घड्याळ आणि लेखन अंगवळणी पडते आणि मग मानांकनाच्या हॉलमध्ये हात थरथरत नाहीत.

नाशिकमध्ये बुद्धिबळाचा विषय निघाला की विदित गुजराथीचे नाव निघतेच. या शहराचा हा मुलगा २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, २०२३ मध्ये त्याने फिडे ग्रँड स्विस जिंकली, त्या जोरावर २०२४ मध्ये जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत तो खेळला आणि तेथे हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवून आला. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्याचे डाव जरूर पाहावेत, पण त्यातली ओपनिंग उचलून पहिल्याच स्पर्धेत खेळू नयेत. त्या खेळ्यांमागे वर्षानुवर्षांची तयारी असते; प्रतिस्पर्ध्याने वेगळी खेळी केली की उसन्या तयारीचा उपयोग उरत नाही.

आजोबांकडून शिकलेले काय विसरावे लागते

आपल्याकडे अनेकांनी बुद्धिबळ घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकलेले असते, आणि त्यांच्या पिढीतले पुष्कळ जण देशी पद्धतीने खेळत. त्या पद्धतीत प्यादे सुरुवातीला एकच घर जाते, राजाला शह बसलेला नसेल तर तो एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेऊ शकतो, आणि शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे ज्या घरात पोचले त्या घराचे मोहरे होते. स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी होते. तीत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते, राजाचा किल्लेकोट होतो (राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून शेजारी बसतो) आणि शेवटच्या ओळीतल्या प्याद्याचा आपल्या मर्जीने वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो. दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या पट्टीतले शत्रूचे प्यादे, ते एकच घर आले आहे असे समजून, लगेचच्या खेळीत मारू शकते, हा नियम अनेक नवख्यांना हॉलमध्येच पहिल्यांदा कळतो आणि ते पंचांना हाक मारतात. तो आधीच पटावर मांडून पाहावा.

सकाळी निघताना

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊला शाळेच्या हॉलमधली फरशी बर्फासारखी गार असते. स्वेटर घ्यावा, थंडीने आखडलेल्या बोटांनी मोहरे नीट उचलले जात नाही, आणि हात लागलेले मोहरे खेळावेच लागते. नाशिकरोड, सातपूर किंवा सिडकोहून कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे येणाऱ्यांनी रविवारी बस उशिराने मिळेल असे धरून निघावे, कारण फेरी सुरू झाल्यावर किती मिनिटांपर्यंत आलेला खेळाडू चालेल हे त्या स्पर्धेचे आयोजक ठरवतात, आणि ती मुदत टळली की डाव न खेळताच जातो. दोन पेन, पाण्याची बाटली आणि पोळी-भाजी किंवा केळी एवढे पुरे. दोन फेऱ्यांच्या मध्ये झणझणीत मिसळ खाऊन लगेच पटावर बसू नये; पुढच्या तासभर डोळे जड होतात. मिसळ संध्याकाळी, बक्षीस समारंभानंतर खावी.

मोबाइल पूर्ण बंद करून पिशवीत ठेवावा किंवा पालकांकडे द्यावा. डाव चालू असताना तो खिशात सापडला तरी डाव जाऊ शकतो.

पहिल्या फेरीची जोडी

बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. पहिल्या फेरीत मानांकनानुसार लावलेल्या यादीचे दोन भाग करून वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. साठ खेळाडू असतील, तर पहिला एकतिसाव्याशी आणि दुसरा बत्तिसाव्याशी. नवखा खेळाडू यादीच्या खालच्या भागात असतो, म्हणून पहिल्या फेरीत त्याच्यासमोर हमखास आपल्याहून बराच अनुभवी माणूस येतो. ही गोष्ट आधी माहीत असली, तर पहिला डाव हरल्यावर मन खचत नाही. दुसऱ्या फेरीपासून सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात आणि लढती बरोबरीच्या होऊ लागतात.

भिंतीवर लावलेल्या यादीत आपले नाव, पटाचा क्रमांक आणि रंग पाहावा. पटाशी बसल्यावर उजव्या हाताच्या कोपऱ्यातले घर पांढरे आहे ना, वजीर आपापल्या रंगाच्या घरात आहेत ना, हे बघावे. हस्तांदोलन होते, पंच सांगतात, आणि काळा खेळाडू घड्याळ दाबून पांढऱ्याची वेळ सुरू करतो.

खेळी लिहिणे

दीर्घ वेळेच्या डावात प्रत्येक खेळी लिहिणे बंधनकारक आहे. जलद स्पर्धेत सक्ती नसली तरी नवख्याने शक्य तेवढ्या खेळ्या लिहाव्यात, कारण कागद नसेल तर घरी गेल्यावर चूक कोठे झाली हे सापडत नाही. उभ्या पट्ट्यांना डावीकडून उजवीकडे, पांढऱ्याच्या बाजूने पाहता, ए ते एच अशी इंग्रजी अक्षरे असतात आणि आडव्या ओळींना १ ते ८ असे आकडे. मोहऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरे लिहितात. घोड्यासाठी मात्र एन, कारण के हे अक्षर राजाकडे गेलेले आहे. नियमांनुसार आपल्या देशात रूढ असलेल्या नावांची आद्याक्षरे वापरण्याचीही मुभा आहे. आधी खेळावे आणि मग लिहावे. खेळण्यापूर्वी खेळी लिहून ठेवायला नियमांत परवानगी नाही.

इटालियन ओपनिंग: प्रत्येक खेळीचे कारण

पहिल्या स्पर्धेसाठी एकच ओपनिंग नीट शिकायचे असेल, तर मी इटालियन सुचवतो. ते जुने आहे. सतराव्या शतकातल्या जोआकिनो ग्रेको या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांत त्याचे डाव आहेत. या ओपनिंगचे इटालियन नाव जिओको पियानो, म्हणजे शांत खेळ. आजही जगातले सर्वोच्च खेळाडू ते नियमाने खेळतात, म्हणजे आज शिकलेले उद्या टाकून द्यावे लागत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यातल्या प्रत्येक खेळीला साध्या भाषेत सांगता येईल असे कारण आहे. खेळ्या अशा (आधी पांढऱ्याची, मग काळ्याची; मोहऱ्याचे नाव नसेल तेथे प्याद्याची खेळी):

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. सी३ घोडा एफ६ ५. डी३ डी६ ६. किल्लेकोट किल्लेकोट

पटावर मांडून एकेक पाहावी. ई४ ने पटाच्या मध्यावर जागा मिळते आणि वजीर व उंट यांना वाट मोकळी होते. घोडा एफ३ वर येतो तो ई५ च्या प्याद्यावर नेम धरून येतो, म्हणून काळ्याला त्या प्याद्याची राखण करावी लागते आणि त्याचा घोडा सी६ वर येतो. उंट सी४ वरून एफ७ या घराकडे पाहतो. डाव सुरू होताना त्या घराची राखण फक्त राजा करत असतो, म्हणून ते काळ्याचे सर्वांत नाजूक घर आहे. काळाही तेच करतो आणि त्याचा उंट सी५ वरून आपल्या एफ२ कडे पाहू लागतो. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

सी३ ही खेळी नवख्यांना विचित्र वाटते, कारण तिने एकही मोहरे बाहेर येत नाही. तिची कारणे दोन आहेत. पुढे डी४ चे प्यादे रेटायचे झाले तर त्याला पाठीशी सी३ चे प्यादे मिळते. आणि सी४ च्या उंटावर काळ्याने घोडा ए५ किंवा प्यादे बी५ असा हल्ला केला, तर उंटाला बी३ आणि तेथून सी२ असे माघारीचे घर तयार राहते. पाचव्या खेळीला लगेच डी४ खेळता येते, आणि ग्रेकोचे प्रसिद्ध डाव त्याच वाटेचे आहेत, पण त्यात मध्य उघडतो, काळा उंट बी४ वर येऊन शह देतो आणि एका चुकीने डाव उलटतो. म्हणून पहिल्या वर्षी डी३ खेळावे. प्यादे एकच घर जाते, ई४ ला आधार मिळतो आणि सी१ च्या उंटाची वाट उघडते. किल्लेकोटाने राजा कोपऱ्यात सुरक्षित होतो. तो करताना एकाच हाताने आधी राजा उचलावा आणि मग हत्ती. आधी हत्तीला हात लावला तर हत्तीचीच खेळी करावी लागते.

सी३ च्या प्याद्याने एक अडचण केली आहे: बी१ चा घोडा नेहमीप्रमाणे सी३ वर येऊ शकत नाही. इटालियनमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट येथून सुरू होते. हा घोडा डी२ वर जातो, हत्ती एफ१ वरून ई१ वर सरकतो, त्यामुळे एफ१ चे घर रिकामे होते, घोडा डी२ वरून एफ१ वर येतो आणि तेथून जी३ वर. तीन खेळ्यांत तो वजीराच्या बाजूने राजाच्या बाजूला येतो, ई४ ची राखण करतो आणि एफ५ वर उडी घेण्याची तयारी ठेवतो. हत्ती ई१ वर येण्यामागे ई४ ला बळ देणे हे एक कारण आहे, आणि घोड्याला वाट करून देणे हे दुसरे. सारे घोडे-हत्ती असे एकमेकांच्या कारणाने हलत असतात. ही साखळी एकदा समजली, की पाठांतराची गरज राहत नाही.

माझी सातवी खेळी

मला ही साखळी समजलेली नव्हती. मी पाठ केलेली होती. नाशिकमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये माझ्या पहिल्या स्पर्धेतल्या पहिल्या डावात माझ्यासमोर पाचवीतला एक मुलगा होता. त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. वर दिलेल्या सहा खेळ्या आम्ही दोघे मिनिटभरात खेळलो आणि मी सातवी खेळी केली: हत्ती ई१. मुलाने प्रथमच दोन्ही हात गालांवर ठेवले, बराच वेळ पटाकडे पाहिले, आणि घोडा एफ६ वरून जी४ वर ठेवला.

हत्ती एफ१ वर असेपर्यंत एफ२ च्या प्याद्याची राखण राजा आणि हत्ती असे दोघे करत होते. हत्ती सरकला आणि राजा एकटा राहिला. आता त्या प्याद्यावर सी५ चा उंट आणि जी४ चा घोडा असा दुहेरी मारा होता. मी मात्र एवढेच पाहिले की घोडा माझ्या अंगणात आला आहे, आणि त्याला हुसकायला आठवी खेळी एच३ केली. त्याने घोड्याने एफ२ चे प्यादे मारले. तो घोडा डी१ च्या वजीरावर हल्ला करत होता, आणि राजाला तो मारता येत नव्हता, कारण मागे सी५ वर उंट उभा होता. मी वजीर ई२ वर नेला. घोड्याने एच३ चे प्यादे मारले: घोड्याचा एक शह आणि वाट मोकळी झालेल्या उंटाचा दुसरा. दुहेरी शहात मध्ये मोहरे घालता येत नाही, शह देणारे एक मोहरे मारूनही भागत नाही, म्हणून जी२ च्या प्याद्याने तो घोडा मारण्याची सोय नव्हती. राजाला घर सोडावे लागले, आणि त्यानंतर डाव सावरला नाही.

आठव्या खेळीला हत्ती ई२ खेळले असते, तर एफ२ ला दुसरा राखणदार मिळून डाव टिकला असता. त्याहून बरे म्हणजे सातवी खेळीच एच३ करावी आणि जी४ चे घर आधी बंद करावे. हत्ती त्यानंतर ई१ वर न्यावा. म्हणून नवख्यांना मी क्रम असा देतो:

७. एच३ ए६ ८. उंट बी३ उंट ए७ ९. हत्ती ई१ एच६ १०. घोडा बी१ वरून डी२ हत्ती ई८ ११. घोडा एफ१

यात काळ्याच्या ए६ ने बी५ ची तयारी होते, म्हणून उंट आधीच बी३ वर जातो. काळा उंट ए७ वर जातो तो आपल्या डी४ ने हुसकला जाऊ नये म्हणून. घोडा जी३ वर पोचला आणि ई४ ची पक्की राखण झाली की डी४ ची वेळ येते. त्या प्याद्याने ए७ च्या उंटाच्या वाटेत भिंत उभी राहते आणि मध्यावर आपला जोर वाढतो. काळ्याने उंट ई६ वर आणून उंटांची अदलाबदल मागितली, तर ती करावी किंवा आपला उंट सी२ वर मागे घ्यावा, दोन्ही चालते.

समोरच्याने वेगळे खेळले तर

पाठ केलेली वाट बहुधा चौथ्या-पाचव्या खेळीला सुटते, त्यामुळे प्रत्येक खेळीनंतर पहिला प्रश्न हाच विचारावा, की या खेळीने त्याला पुढे काय करायचे आहे, आणि कोणत्या घराची राखण त्याने सोडली आहे.

काळ्याने तिसऱ्या खेळीला उंटाऐवजी घोडा एफ६ खेळला तरी डी३ खेळून शांत वाट धरता येते. घोडा जी५ वर नेऊन एफ७ वर मारा करण्याचा मोह तेथे होतो. काळा डी५ खेळतो, आपण प्याद्याने मारतो, आणि ज्याला माहिती आहे तो घोडा ए५ खेळून आपल्या उंटावर येतो. ज्याला माहिती नाही तो घोड्याने डी५ चे प्यादे मारतो. मग आपला घोडा एफ७ वर बळी देऊन, राजाने तो मारल्यावर वजीर एफ३ वरून शह देता येतो आणि काळ्या राजाला मध्यावर यावे लागते. हा हल्ला शिकण्यासारखा आहे, पण पुढच्या पाच-सहा खेळ्या माहीत असल्याशिवाय घोडा टाकू नये.

दुसऱ्या खेळीला काळ्याने घोडा एफ६ खेळला, तर ई५ चे प्यादे घोड्याने मारावे. त्यानेही लगेच ई४ चे प्यादे मारले तर वजीर ई२ खेळावे. त्याचा घोडा घाबरून एफ६ वर परतला, तर आपला घोडा सी६ वर उडतो, वजीराचा उघडा शह बसतो आणि काळा वजीर जातो. नाशिकच्या हॉलमध्ये हा डाव दहा खेळ्यांच्या आत संपताना मी स्वतः पाहिला आहे.

ई४ ला सी५, म्हणजे सिसिलियन, किंवा ई६, सी६ अशी उत्तरे आली, तर घाबरू नये. सिसिलियनला घोडा एफ३ आणि मग डी४, बाकी दोहोंना सरळ डी४. त्यानंतर घोडे, उंट, किल्लेकोट हाच क्रम.

काळी मोहरी आली तर

अर्ध्या फेऱ्यांत काळी मोहरी येणारच. ई४ ला ई५ खेळावे आणि हीच मांडणी काळ्याकडून करावी. तिसऱ्या खेळीला घोडा एफ६ पेक्षा उंट सी५ आधी खेळावा असे मी सांगतो, कारण तेव्हा पांढऱ्याचा घोडा जी५ वर आला तर डी८ चा वजीर त्याला फुकट मारतो.

लहान गटांत पांढरा दुसऱ्याच खेळीला वजीर एच५ वर आणतो आणि चौथ्या खेळीला एफ७ वर मात करायला बघतो. त्याला उत्तर घोडा सी६. तेव्हा जी६ खेळू नये, कारण वजीर ई५ चे प्यादे मारून शह देतो आणि एच८ चा हत्तीही घेतो. उंट सी४ वर आला की मग जी६. वजीर एफ३ वर जाऊन पुन्हा एफ७ वर डोळा ठेवतो, त्याला घोडा एफ६. आता पांढऱ्याचा वजीर उघड्यावर आहे आणि आपली दोन मोहरी बाहेर आलेली आहेत. घाई न करता किल्लेकोट करावा.

डी४ ला डी५, सी४ ला ई६, मग घोडा एफ६, उंट ई७ आणि किल्लेकोट. पहिल्या स्पर्धेपुरते एवढे पुरते.

घड्याळ आणि पंच

ज्या हाताने मोहरे हलवले त्याच हाताने घड्याळ दाबावे. पंधरा मिनिटांच्या डावात वरच्या ओळखीच्या दहा खेळ्यांना दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, आणि अनोळखी खेळी आली की तेथे मात्र दोन मिनिटे खुशाल द्यावीत. मी जी४ वर आलेल्या घोड्याला दहा सेकंद दिले होते.

हात लावलेले मोहरे खेळावे लागते. घरात वाकडे बसलेले मोहरे नीट करायचे असेल, तर आपल्या वेळेत, तसे आधी बोलून मग हात लावावा. नियमबाह्य खेळी करून घड्याळ दाबले तर समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि दुसऱ्यांदा तसे झाले की डाव जातो. वाद झाला तर दोघांचे घड्याळ थांबवावे, हात वर करावा आणि पंचांना बोलवावे. प्रतिस्पर्ध्याशी वाद घालू नये आणि दाराशी उभ्या असलेल्या पालकांकडे पाहू नये. बरोबरी सुचवायची असेल तर आपली खेळी करून, सुचवून मग घड्याळ दाबावे. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा पन्नास खेळ्यांत दोघांचे एकही प्यादे हलले नाही आणि काही मारले गेले नाही, तर पंचांकडे बरोबरी मागता येते. जिंकत आलेल्या डावात एक जपावे: समोरच्या राजाला शह नाही आणि त्याला एकही खेळी उरलेली नाही, अशी स्थिती आली की डाव बरोबरीत सुटतो. एक वजीर जास्त असताना अर्धा गुण गमावणारी मुले प्रत्येक स्पर्धेत दिसतात.

डाव संपल्यावर

हस्तांदोलन करावे, मोहरी पुन्हा मांडावीत, निकाल दोघांच्या कागदांवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि तो पंचांच्या टेबलावर कळवावा. सही करण्यापूर्वी निकाल बरोबर लिहिला आहे ना, हे पाहावे. सही झालेला निकाल बदलून घेणे फार कठीण असते.

मग प्रतिस्पर्ध्याला विचारून, हॉलच्या बाहेर, डाव पुन्हा मांडून पाहावा. इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, लावण्याआधी माणसाशी बोलावे, कारण त्याने काय विचार केला होता हे इंजिन सांगू शकत नाही. माझ्या पहिल्या डावानंतर तो पाचवीतला मुलगा व्हरांड्यातल्या पायरीवर पट घेऊन बसला. त्याने सातव्या खेळीपर्यंत डाव मांडला, माझा हत्ती पुन्हा एफ१ वर ठेवला आणि विचारले, “काका, तुम्ही आधी एच३ का नाही केलं?” मला उत्तर देता आले नाही. त्याने माझे पेन घेतले आणि माझ्या कागदावर सातव्या ओळीच्या पुढे समासात एच३ लिहून दिले.

घरी गेल्यावर एका वहीत प्रत्येक डावासाठी तीन ओळी लिहाव्यात: ओळखीची वाट कितव्या खेळीला सुटली, त्या वेळी घड्याळात किती वेळ होता, आणि कोणते घर राखायचे राहिले. लिचेससारख्या मोफत संकेतस्थळावर डाव चढवून इंजिनचे मत त्यानंतर पाहावे. माझ्या वहीतल्या पहिल्या डावाच्या ओळी अशा आहेत: सातवी खेळी, तेरा मिनिटे शिल्लक, एफ२.